वीस ज्यूलच्या आत

माऊलीनं आयुष्यात एकाही जिवावर बंदूक रोखली नव्हती, तरी पिंपळगाव रेणुकाईत त्याचं नाव निघालं की माणसं आवाज जरा खाली आणत. नाव माऊली आणि नाद बंदुकांचा, एवढ्यावरच निम्मी दहशत बसली होती. उरलेली निम्मी त्याच्या मिशीनं बसवली. प्रत्यक्षात तो सोयाबीन आणि मका पिकवायचा, आणि त्याच्याकडच्या बंदुका छर्ऱ्याच्या होत्या. आतली स्प्रिंग हवा दाबते, ती हवा शिशाचा छर्रा ढकलते, संपलं. जत्रेत फुगे फोडायला मांडतात त्याच बंदुकीची ही शिकलेली बहीण.

शिकलेला माऊलीही होता. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेल्या माणसाला तालुक्यात जेवढ्या नोकऱ्या मिळतात तेवढ्या त्याला मिळाल्या, म्हणजे एकही नाही. मंग त्यानं 'माऊलीचा नेम' नावाचं चॅनल काढलं. कंपन्यांच्या बंदुका, दुर्बिणी, छर्रे, बंदूक साफ करायचे संच, जे मिळेल ते मागवायचं, शेतात बांधाला मातीचा मोठा ढीग घातला होता त्याच्यावर तपासायचं, आणि जे दिसलं ते मोबाईलसमोर सांगायचं. मोबाईल धरायला बायको तृप्ती. तिनं मांडलेली एकच अट अशी, की बंदुकीबद्दल बोलताना माऊलीनं लग्नात बोलला त्यापेक्षा जास्त गोड बोलायचं नाही.

चॅनलची इज्जत एका गोष्टीवर उभी होती. माऊली आकडा फिरवत नसे आणि टाकलेला व्हिडिओ काढत नसे. एका दुर्बिणीच्या आत पाण्याचे थेंब निघाले तेव्हा त्यानं सांगितलं होतं, "हिच्यातून नेम धरण्यापेक्षा हिच्यात मासे पाळा." कंपनीनं वकिलाची धमकी दिली. व्हिडिओ तसाच राहिला. दुसऱ्या एका कंपनीच्या साफसफाईच्या संचात दात घासायचा ब्रश निघाला, तर त्यानं त्या ब्रशनं कॅमेऱ्यासमोर दात घासले आणि ब्रशला पाचापैकी चार दिले. लोक त्याच्या बंदुकांवर नाही, त्या आकड्यांवर भाळले होते. "भाऊ, रोह्यावर चालंल का?" असं नीलगाईच्या शिकारीचं विचारणाऱ्यांना तो "न्हाई" एवढंच लिहायचा, तरी माणसं चॅनल सोडून जात नव्हती.

अशा माऊलीकडं दसऱ्याच्या तोंडावर अंकित एक लांबुळकं खोकं घेऊन आला.

अंकित हा जाफराबादच्या गिरधारीलाल शेटजींचा नातू आणि माऊलीचा कॉलेजातला दोस्त. शेटजींचं पाण्याच्या मोटारी आणि पंपांचं दुकान. राजस्थानातून येऊन चार पिढ्या झाल्या तरी शेटजी नातवाशी मारवाडीत, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि देवाशी हिंदीत बोलत. अंकितला मोटारी विकायचा कंटाळा आला होता. त्यानं जालन्यात एक शेड घेऊन छर्ऱ्याची रायफल बनवायला घेतली होती.

"जालना जिल्ह्यातली पहिली," अंकित म्हणाला. "राजूरच्या गणपतीला दाखवून आणली."

"बंदूक? मंदिरात?"

"खोकं दाखवलं. आत काय आहे ते पुजाऱ्यानं विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

माऊलीनं खोकं उघडलं आणि नळीवरून बोट फिरवलं. परदेशी बंदुका खूप पाहिल्या होत्या, पण हिच्या नळीवर देवनागरीत 'जालना' असं कोरलं होतं. जर्मनीवाल्यांचं नाव जर्मन अक्षरात येतं तसं. दस्ता सागवानी, घोडा मऊ, नळी मोडून छर्रा भरताना बिजागरीचा आवाज असा, की नवीन गोदरेजचं कपाट बंद व्हावं.

"दसऱ्याला लाईव्ह तपासतो," माऊली म्हणाला. "बंडल असली तर बंडल म्हणीन."

"म्हण. पन एक ध्यानात ठेव," अंकित म्हणाला. "वीस ज्यूलच्या आत पाहिजे. आपली सोळाची आहे."

वीस ज्यूल हा सरकारी उंबरठा. छर्ऱ्याची ताकद त्याच्या आत असली तर बंदूक खेळाच्या सामानात मोडते, शाळेतलं पोरगंही नेमबाजी शिकू शकतं. त्याच्या वर गेली की परवाना लागतो, कारखान्यालाही आणि ती हातात धरणाऱ्यालाही. माऊलीकडं ताकद मोजायचं यंत्र होतं. त्याच्या डोळ्यांसमोरून छर्रा गेला की पडद्यावर ज्यूल उमटत. त्या यंत्रापायी तृप्तीचं कपाट दोन दिवाळ्या पुढं गेलं होतं, आणि ती गोष्ट प्रत्येक व्हिडिओत एकदा तरी कॅमेऱ्यामागून ऐकू यायची.

दसऱ्याच्या सकाळी माऊली छर्रे आणायला जाफराबादला गेल्ता. परत आला तोवर त्याची आई द्वारकाबाई हिनं पूजा उरकली होती. पाटावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, मिक्सरचं भांडं, तृप्तीचा लॅपटॉप आणि त्यांच्या मधोमध अंकितची रायफल भिंतीला टेकवून उभी. नळीच्या तोंडात झेंडूचं फूल. दुर्बिणीच्या काचेवर बरोबर मधोमध कुंकवाचा टिळा.

"आई, काचेवर कशाला लावायचं?"

"तिथंच तर डोळा हाय तिचा."

माऊलीनं रुमालानं काच पुसली, फूल काढून मोबाईलच्या तिवईला खोचलं आणि पूजेचा विषय त्याच्या दृष्टीनं संपला.

दुपारी बांधावर जत्रा जमली. दसरा असल्यानं कोणाला काम नव्हतं, आणि ज्यांना होतं तेही आले होते. तृप्तीनं मोबाईल धरला, लाईव्ह सुरू झालं. माऊलीनं नळी मोडली, छर्रा भरला, ढिगातल्या पत्र्यावर नेम धरला. छर्ऱ्याच्या बंदुकीचा आवाज साधारण 'फट्' असा येतो, ओला टॉवेल झटकल्यासारखा.

हिचा सुतळी बॉम्बसारखा आला.

लिंबाच्या झाडावरचे सगळे बगळे एकदम उठले. नळीच्या तोंडातून पांढरा धूर निघाला आणि सावकाश, मोठ्या माणसासारखा वर गेला. पत्र्याला भोक नव्हतं, भगदाड होतं. माऊलीनं यंत्राकडं पाहिलं. एकतीस.

त्यानं यंत्र हलवून पाहिलं, पुसून पाहिलं, पुन्हा छर्रा भरला. पुन्हा धडाम. एकोणतीस. तिसऱ्यांदा सत्तावीस.

माऊलीचे कान गुणगुणत होते आणि छातीत ताशा वाजत होता. इतकी वर्षं तो दुसऱ्यांच्या देशातल्या बंदुकांना गुण वाटत आला होता, आणि आज त्याच्या बांधावर, त्याच्या हातात, 'जालना' लिहिलेल्या नळीतून धूर निघत होता. त्याची जीभ सुटली.

"मंडळी," तो मोबाईलला म्हणाला, "एकतीस. हे यंत्र खोटं बोलत न्हाई आणि मीही न्हाई. जगातल्या भारीतल्या भारी बंदुका ह्याच मांडीवर घेऊन बसलोय मी. हिच्यापुढं त्या पिचकाऱ्या आहेत. पाचापैकी पाच. उद्यापासून जर्मनीवाल्यांनी जालन्याला शिकायला यायचं, मी जेवायची सोय करतो."

"कोनाच्या घरी, आपल्या?" तृप्ती कॅमेऱ्यामागून म्हणाली. "आणि हा तळणाचा वास कुठून यायलाय? कोन भजे तळून राह्यलं?"

दसऱ्याच्या दिवशी अर्धा गाव तळत असतो. कोणी लक्ष दिलं नाही.

माऊलीला लाईव्हमध्ये आलेली प्रत्येक टिप्पणी मोठ्यानं वाचायची सवय होती. तीही तो त्याच उत्साहात वाचू लागला. "सुखापुरीहून लिहितात, नाद खुळा. अंबडहून लिहितात, एक नंबर माऊली भाऊ. काकासाहेब जमादार लिहितात, अभिनंदन, वीसच्या वर असल्यास परवाना लागतो ना, हात जोडलेले."

शेवटचे शब्द वाचताना त्याचा आवाज विहिरीत बादली सोडावी तसा खाली गेला.

काकासाहेब हे तालुक्याच्या ठाण्यात जमादार होते आणि चॅनलचे जुने चाहते होते. मागच्या निवडणुकीत आचारसंहिता लागली तेव्हा माऊलीची छर्ऱ्याची बंदूक जमा करायची की नाही ह्यावर ठाण्यात दुपारभर खल झाला होता. शेवटी काकासाहेबांनीच तोडगा काढला. खोकं जमा करून घेतलं आणि बंदूक परत दिली.

माऊली आता काही हजार माणसांसमोर एक बिनपरवान्याचं शस्त्र हातात धरून उभा होता आणि त्याची ताकद त्यानं स्वतःच्या तोंडानं, तारीखवार, जर्मनीची साक्ष काढून जाहीर केली होती.

"बंद कर," तो ओठ न हलवता म्हणाला.

"काय?" तृप्ती म्हणाली.

"मोबाईल."

"पाचापैकी पाच म्हणालात ना. अजून थोडी तारीफ करा की तिची. आमच्या वाट्याला आल्ती का कधी एवढी?"

लाईव्ह बंद झालं आणि लगेच फोन वाजला. अंकित होता.

"काय केलंस रे माऊली? एकतीस? मी सोळाची बनवली ती!"

"मी काय करू, यंत्र दाखवतंय."

"व्हिडिओ काढ."

"न्हाई काढत."

"अरे, पुढच्या आठवड्यात दुकानात ठेवायची आहे. खोकी भरून तयार आहेत. कारखाना उघडायच्या आधी सील लागंल. जल्दी काढ, माझ्यासाठी."

माऊलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. दोस्ताचा कारखाना एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला ती एकच गोष्ट होती, जिच्यापायी अंबडपासून सुखापुरीपर्यंतची माणसं त्याला ओळखत होती. आज व्हिडिओ काढला तर उद्या दुर्बिणीवाली कंपनी म्हणणार, आमचाही काढ.

"अंकित," तो म्हणाला, "आकडा चुकला असंल तर मी सांगीन चुकला म्हणून. पन झालाच न्हाई असं म्हणायला जमणार न्हाई."

पलीकडून गिरधारीलाल शेटजींनी फोन घेतला. "बेटा माऊली," ते शांतपणे म्हणाले, "आमच्या धंद्यात माल कमजोर निघाला म्हणून लोक भांडायला येतात. जोरदार निघाला म्हणून आम्ही बरबाद व्हायचं, हे मी पहिल्यांदाच पाहून राह्यलो."

संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला आलेला प्रत्येक माणूस माऊलीच्या पाठीवर थाप मारून "एकतीस, काय?" असं म्हणून गेला. आईनं तर शेजारणींना जमवून सांगितलं, "पूजा केल्यावर कशी बोलली बंदूक. बिनपूजेची फुसफुस करती."

जमादारांचा फोन दिवे लागताना आला. "माऊली, उद्या सकाळी ती घेऊन या. साहेबांनीही पाहिलाय व्हिडिओ. ते म्हणाले, समोर चालवून घ्या, वीसच्या आत भरली तर विषय बंद, वर भरली तर जप्ती आणि गुन्हा. तुम्ही आपले म्हणून फोन केला. न्हाईतर गाडी आली असती."

"न्यायची कशी, साहेब? बिनपरवान्याची असंल तर वाटेत धरतील."

काकासाहेबांनी ह्यावरही तोडगा काढला. "धरलं तर सांगा, ठाण्यातच चाललोय."

सकाळी रायफल सतरंजीत गुंडाळून माऊली, तृप्ती आणि द्वारकाबाई काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसले. द्वारकाबाईला न्यायचं ठरलेलं नव्हतं. तिनं परस्पर ठरवलं होतं की पोराची केस मिटली की तसंच राजूरला जाऊन गणपतीपुढं दिवा लावायचा, म्हणून तेलाची बाटली आणि वात घेऊन ती जीपच्या पुढच्या सीटवर आधीच बसली होती. शेजारच्या बाईनं विचारलं, सतरंजीत काय आहे. "पोराचं दुखणं," द्वारकाबाई म्हणाली.

ठाण्याच्या मागच्या आवारात वाळूचे जप्त केलेले ट्रॅक्टर उभे होते, आणि कंपाउंडाच्या भिंतीला लागून जप्त केलेल्या वाळूचा डोंगर होता. छर्रे झेलायला त्याहून सुरक्षित जागा तालुक्यात नव्हती. तरी काकासाहेबांच्या कपाळाला आठी होती.

"मुद्देमाल आहे हा," ते म्हणाले. "मारलेले छर्रे मोजून परत काढायचे. उद्या वाळूत शिसं कुठून आलं म्हणून मला विचारतील."

अंकित आणि गिरधारीलाल शेटजी आधीच येऊन बसले होते. अंकितचा चेहरा पंप जळाल्यावर शेतकऱ्याचा होतो तसा झाला होता. शेटजी मात्र टोपी नीट करून, चहाचा कप घेऊन, नाटकाला आल्यासारखे खुर्चीवर बसले होते. माऊलीनं यंत्र मांडलं. तृप्तीनं मोबाईल काढला.

"लाईव्ह न्हाई," अंकित हात जोडून म्हणाला. "वहिनी, आज न्हाई."

"नुसतं घेऊन ठेवते," तृप्ती म्हणाली. "जेलात गेले तर आठवण राहील."

माऊलीनं छर्रा भरला. काल हातात बळ संचारलं होतं, आज तेच हात पाहुण्यांचे असल्यासारखे वागत होते. जन्मात पहिल्यांदा तो मनातल्या मनात बंदुकीला विनवत होता, कमी पड, बाई, कमी पड. त्यानं घोडा दाबला.

धडाम.

काकासाहेबांच्या बशीतला चहा पँटवर सांडला. ठाण्यातून दोन शिपाई धावत आले आणि आपल्याच जमादाराकडं संशयानं पाहू लागले. यंत्रावर तेहतीस उमटलं होतं. कालच्याहून दोन जास्त. अंकित वाळूतच खाली बसला.

"मुद्देमालावर बसू नका," काकासाहेब म्हणाले.

"अजून एकदा," माऊली म्हणाला. पुन्हा भरली, पुन्हा धडाम, पण जरा दबका. अठ्ठावीस. तिसऱ्यांदा तेवीस. धूर पांढऱ्याचा निळसर झाला. चौथ्यांदा आवाज फटाक्याचा राहिला नाही, आणि पडद्यावर एकोणीस.

अंकित उठून उभा राहिला.

पाचव्याला सतरा. सहाव्याला 'फट्' असा सभ्य आवाज आला आणि सोळा. सातव्याला पुन्हा सोळा.

"सोळा!" अंकित ओरडला. "दादाजी, सोळा!" आणि त्यानं माऊलीला मिठी मारली. आपल्या मालाचा जोर निम्म्यानं उतरला म्हणून कारखानदार नाचतो हे दृश्य ठाण्याच्या आवारात पहिल्यांदाच घडत होतं. शिपायांनी त्याला प्यायलेला समजून थोडं अंतर ठेवलं.

काकासाहेब नाचले नाहीत. "हे बराबर न्हाई," ते म्हणाले. "एकच बंदूक, एकदा तेहतीस, एकदा सोळा. मी साहेबांना काय सांगू? सकाळी गुन्हा होता, दुपारी उतरला?" मग त्यांनी नाक वर करून हवा हुंगली. "आणि भजे कोन तळून राह्यलं?"

माऊलीचंही नाक वर गेलं. आज दसरा नव्हता. समोरचं हॉटेल बंद होतं. ठाण्याच्या मागं जप्त वाळू आणि जप्त ट्रॅक्टर ह्यांशिवाय काही नव्हतं, आणि वाळू काही भज्यांचा वास सोडत नाही. वास होता कालच्यासारखाच. त्यानं रायफल उलटी करून नळीचं मागचं तोंड नाकाला लावलं. कढई होती ती.

त्याच्या डोक्यात बी.एस्सी.चं दुसरं वर्ष एकदम उजळलं. हवा जोरात दाबली की तापते. तापलेल्या हवेत तेल सापडलं तर ते पेटतं. डिझेलचं इंजिन ह्याच्यावरच चालतं, आणि कालपासून तो बंदूक चालवत नव्हता, तो बारका ट्रॅक्टर चालवत होता.

तो हळूच वळला. "आई, काल पूजेत हिला काय लावलं होतंस?"

"सगळ्यांना लावलं तेच," द्वारकाबाई म्हणाली. "हळद, कुंकू, फूल. विळ्या-कुऱ्हाडीला तेलाचं बोट."

"आणि हिला?"

"हिला बोट कुठं लावणार? सगळं काम तर आतून करती. मंग वरून तोंडात सोडलं थोडं. करडईचं. आपल्या घरचं."

"आणि आज?"

द्वारकाबाईनं त्याच्याकडं, इतकं शिकून हे विचारतोस का, अशा नजरेनं पाहिलं. "काल येवढी चांगली चालली. आज तर साहेबांपुढं चालायची होती. निघताना अजून दोन थेंब सोडले. माझ्या लेकाचं नाव निघालं पाहिजे, का न्हाई?"

गिरधारीलाल शेटजींनी कप खाली ठेवला. "बाई," ते आदरानं म्हणाले, "सत्तर वर्षं मी पंपात तेल टाकून राह्यलो. कधी एवढी तरक्की झाली न्हाई."

माऊलीनं सगळं काकासाहेबांना समजावलं. हवा, दाब, तेल, ठिणगीशिवाय पेटणं. काकासाहेब चाहते असल्यानं त्यांनी मान डोलवत ऐकलं आणि जमादार असल्यानं शेवटी म्हणाले, "हे तुमचं म्हणणं झालं. तेलानंच झालं हे कशावरून?"

"करून दाखवतो. तेलाची बाटली आईकडं आहे."

"म्हणजे," काकासाहेब सावकाश म्हणाले, "गुन्हा झाला न्हाई हे शाबित करायला तुम्ही माझ्यासमोर गुन्हा करून दाखवणार."

"एकदाच."

"माऊली, करू नको," अंकित कळवळला. "सोळा आलाय, घरी चल. आतलं वायसर जळून जाईल."

वायसर म्हणजे हवा दाबणाऱ्या दट्ट्याचं रबर. तेलाचे असे स्फोट ते फार दिवस सोसत नाही, स्प्रिंगही तुटते. माऊलीला ते अंकितइतकंच ठाऊक होतं. पण आता थांबलं तर त्याचा आकडा कालही संशयाचा आणि आजही संशयाचाच राहणार होता. कालचा दिवस तसाच सोडून घरी जायला त्याचे पाय उचलत नव्हते. त्याला परत तोच ताशा छातीत ऐकू येऊ लागला होता. पाच वर्षांत शंभर बंदुका तपासल्या, पण आपण स्वतः कधी तपासले गेलो नव्हतो.

काकासाहेबांनी आकाशाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, मग ते वाळूकडं तोंड करून उभे राहिले. "मी मुद्देमाल तपासून राह्यलो," ते म्हणाले. "माझी पाठ आहे तुमच्याकडं. आवाज मात्र ऐकीन."

द्वारकाबाईनं गणपतीच्या दिव्याचं तेल स्वतःच्या हातानं सोडलं. माऊलीनं सगळ्यांना मागं सरकवलं.

धडाम. बत्तीस. काकासाहेबांची पाठ दचकली.

मग सव्वीस. मग एकवीस. मग अठरा. प्रत्येक छर्ऱ्याला सगळे मिळून आकडा मोठ्यानं वाचत होते, शिपाई धरून, क्रिकेटच्या शेवटच्या षटकासारखे. सोळा आला तेव्हा टाळ्या पडल्या. काकासाहेब वळले आणि त्यांनीही वाजवल्या, मग आपण गणवेशात आहोत हे आठवून हात मागं बांधले.

उत्साहाच्या भरात माऊलीनं आणखी एक मारला. अकरा. त्याच्या पुढचा सात. त्याच्या पुढच्याला बंदुकीतून 'फुस्' असा दमेकऱ्यासारखा आवाज आला आणि छर्रा नळीच्या तोंडातून निघून माऊलीच्याच पायाशी पडला.

"गेलं वायसर," अंकित म्हणाला.

"आता हिला कायद्यानं कोनी हात लावू शकत न्हाई," शेटजी म्हणाले.

वाळूतून छर्रे मोजून काढायला शिपायांना लावून काकासाहेब साहेबांकडं गेले. परत आले ते हसत. बंदूक निर्दोष होती. तेलाची बाटली जप्त करावी का ह्यावर साहेबांशी थोडी चर्चा झाली, पण खाद्यपदार्थ आपल्याकडं येत नाहीत असं ठरलं. वर साहेबांनी विचारलं होतं, दुकानात कधी येणार. मुलीला नेमबाजी शिकवायची आहे म्हणे.

राजूरला दिवा लावायला बाटलीत तेल पुरेसं उरलं होतं. देवळाबाहेर, पेढ्यांच्या दुकानांच्या रांगेत, माऊलीनं तृप्तीला लाईव्ह सुरू करायला सांगितलं. सोबत आलेल्या अंकितनं त्याला बाजूला घेतलं. "तेल पडलं होतं एवढंच म्हण. कुणी टाकलं ते कशाला? आईचं हसं होईल."

माऊलीनं देवळाच्या पायरीवर बसलेल्या आईकडं पाहिलं. "आई, तुझं नाव सांगू का?"

"न सांगून कसं चालंल?" द्वारकाबाई म्हणाली. "तेहतीस कुणामुळं आला?"

मग माऊली मोबाईलसमोर उभा राहिला आणि त्यानं कालपासूनचं सगळं सांगितलं. टिळा, झेंडू, तेल, वाळू, जमादारांची पाठ. "कालचा व्हिडिओ मी काढणार न्हाई," तो म्हणाला. "त्यातला आकडा खरा आहे. फक्त तो कोनाचा आहे हे मला काल माहीत नव्हतं. पहिले तीन आकडे माझ्या आईचे होते. बंदुकीचा आकडा सोळा. बंदुकीला पाचापैकी चार, कारण वायसर आणखी मजबूत पाहिजे. मला पाचापैकी दोन, कारण मी जर्मनीला जेवायला बोलावून बसलो. आणि मंडळी, कोनी तेल घालू नका. बंदूक मरते. मी मारून आलोय."

"आणि कपाट?" कॅमेऱ्यामागून आवाज आला.

"दिवाळीला," माऊली म्हणाला. लाईव्हवर हजारो साक्षीदार असताना तो असं पहिल्यांदाच बोलला होता, आणि तो काही आकडा फिरवणारा माणूस नव्हता.

टिप्पण्या पाऊस पडावा तशा येत होत्या. सवयीप्रमाणं तो वाचू लागला. "सुखापुरीहून लिहितात, आईंना पाचापैकी पाच. अंबडहून विचारतात, सोळावाली कधी मिळंल, बहिणीसाठी पाहिजे. काकासाहेब जमादार लिहितात, छर्रे सगळे मिळाले, एक जास्तच निघाला." त्यांचंच पुढं आणखी होतं. "काकासाहेब विचारतात, तेल घाण्याचं होतं का डब्याचं?"

"घाण्याचं," पायरीवरून द्वारकाबाई म्हणाली. "डब्याच्या तेलात कुठं येवढा जोर असतो?"